फ्री डिश पीसीवर आणायची? मग कार्ड सगळ्यात शेवटी घ्या

टीव्हीला पीसी जोडलाय, त्यावर कोडी (पिक्चर-गाणी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, पिक्चर, गाणी, फोटो सगळं एका रिमोटवर चालतंय, फक्त लाइव्ह टीव्ही बघायचा म्हटलं की तेवढ्यासाठी सेट टॉप बॉक्स आणि त्याचा दुसरा रिमोट शोधत बसा. मग साहजिकच डोक्यात येतं की सॅटेलाइटचं ट्यूनर कार्डच पीसीत टाकून द्यावं, रेकॉर्डिंगपण होईल आणि घरातल्या कुठल्याही मोबाइलवर चॅनल बघता येईल. आणि लगेच पुढचा प्रश्न, कार्ड कुठलं घेऊ?

माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी चॅनल कुठले बघायचेत ते, मग गच्चीवर काय आहे ते, मग पीसीवर विंडोज चालवणार की लिनक्स ते, आणि हे तिन्ही नक्की झालं की कार्डाची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते. उलट्या क्रमाने गेलात तर दहा हजारांच्या पुढचं कार्ड बाहेरून मागवून, कस्टम भरून, शेवटी कळतं की जे बघायचं होतं ते त्याच्यावर येणारच नव्हतं.

बघायचं काय

इथेच अर्ध्या लोकांचा बेत रद्द होतो, म्हणून स्पष्टच सांगतो. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी२एच, सन डायरेक्ट यांचे पैसे भरून बघायचे चॅनल ट्यूनर कार्डावर दिसत नाहीत. सिग्नल येतो, कार्ड तो पकडतंही, चॅनलची नावंसुद्धा यादीत येतात, पण चित्र एन्क्रिप्टेड असतं आणि ते उलगडायची किल्ली कंपनीच्या बॉक्समध्ये आणि त्याच्याशी जोडलेल्या स्मार्ट कार्डात असते. ते स्मार्ट कार्ड काढून पीसीत घालून चालत नाही. काही ट्यूनर कार्डांवर सीआय नावाचा स्लॉट असतो आणि तो बघून लोकांना वाटतं की चला, यात आपलं कार्ड जाईल, पण तो स्लॉट मुळात युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी आहे, तिकडे मॉड्यूल वेगळं विकत मिळतं. आपल्याकडे त्या स्लॉटसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. इंटरनेटवरून किल्ल्या वाटून घेण्याचे जे उद्योग चालतात ते बेकायदेशीर आहेत, त्या वाटेला जायचंच नाही.

मग उरतं काय, तर फ्री टू एअर, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेले, पैसे न भरता दिसणारे चॅनल. आणि भारतात फ्री टू एअर म्हणजे मुख्यतः डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही प्रसार भारतीची सेवा, महिन्याचं भाडं शून्य. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, जो ९३.५ अंश पूर्वेला आहे. सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, संसद टीव्ही, शैक्षणिक चॅनलची मोठी रांग आणि बरेच खासगी चॅनल. खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात त्यामुळे ते बदलत राहतात, २०२२ च्या एप्रिलमध्ये झी अनमोल, स्टार उत्सव वगैरे मोठ्या कंपन्यांचे चॅनल एकदम निघून गेले होते ते आठवत असेल. म्हणजे एखाद्या ठराविक मालिकेसाठी हा सगळा खटाटोप करत असाल तर नका करू. सह्याद्रीवरचे जुने कार्यक्रम, बातम्या, जुने हिंदी पिक्चर, असं बघणारं घर असेल तर मात्र पैसे वसूल.

दुसरा पर्याय सी बँडचा, म्हणजे फ्री डिशच्या केयू बँडपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा, सहा-आठ फुटी जाळीची मोठी छत्री लावून ८३ पूर्वेचा जीसॅट-३० किंवा ९३.५ चा जीसॅट-१७ पकडायचा, त्यावर प्रादेशिक चॅनल भरपूर मोकळे येतात. पण ते छंदिष्टांचं काम आहे, पुढे त्याचा उल्लेख गरजेपुरताच करतो.

गच्चीवर जाऊन या

घरात आधीच फ्री डिशचा बॉक्स चालू असेल तर तुमचं निम्मं काम झालंय, कारण डिश बरोबर लागलेली आहे याचा तो पुरावा आहे. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची दोन आकडेवारी असते, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे फार लक्ष देऊ नका, ती नुसत्या केबलच्या आणि एलएनबीच्या (डिशसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) गोंगाटानेही वर जाते. क्वालिटी महत्त्वाची, आणि तो आकडा कोरड्या हवेत बघून लिहून ठेवा, नंतर कार्ड लावल्यावर काही बिघडलं तर दोष डिशचा की पीसीचा हे ठरवायला उपयोगी पडेल.

डिश नव्याने लावत असाल तर दिशा आग्नेय. पुण्यातून ९३.५ अंशाचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १३१ ते १३२ अंशावर दिसतो आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. मुंबईत दिशा १३१ आणि उंची ५७-५८, नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे १४४-१४५ आणि उंची ६० च्या आसपास. आपल्याकडे मोबाइलचा कंपास आणि खरी उत्तर यात फरक नगण्य आहे, पण लोखंडी टाकीशेजारी उभं राहून कंपास बघितलात तर तो काहीही दाखवेल. आणि एक गंमत, छोटी डिश बघितली की वाटतं ही ५९ अंश वर बघतच नाहीये, फार खाली बघतेय. ती ऑफसेट डिश असते, एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिचा चेहरा खऱ्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी खाली झुकलेला दिसतो. हे माहीत नसलं की माणूस नट ढिले करून बरोबर लागलेली डिश बिघडवतो.

आता एलएनबी. त्याच्यावरचं लेबल वाचा, शक्य असेल तर फोटो काढा. बहुतेक ठिकाणी ९.७५ आणि १०.६ गिगाहर्ट्झ असे दोन आकडे दिसतील, म्हणजे तो युनिव्हर्सल. हे आकडे समजून घेणं फायद्याचं आहे कारण सॉफ्टवेअरमध्ये तेच भरायचे असतात. उपग्रहावरून येतो तो ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल, तेवढी वरची फ्रिक्वेन्सी साध्या केबलमधून खाली येणार नाही, म्हणून एलएनबी त्यातून स्वतःचा आकडा वजा करतो. उदाहरणार्थ फ्री डिशच्या यादीत ११०९० व्हर्टिकल (सिग्नलची उभी दिशा), सिम्बॉल रेट (डेटा किती वेगाने येतो तो आकडा) २९५०० असं लिहिलेलं दिसतं. ११०९० मधून ९७५० गेले की उरले १३४० मेगाहर्ट्झ, आणि कार्डाला प्रत्यक्षात मिळतो तो हा १३४०. कार्डं ९५० ते २१५० पर्यंतचं ऐकतात. म्हणजे सॉफ्टवेअरला जर तुम्ही चुकून एलएनबी १०.६ चा आहे असं सांगितलंत तर ते कार्डाला ४९० वर जायला सांगेल, जे त्याच्या हद्दीतच नाही, आणि तुम्ही मात्र कार्ड खराब निघालं म्हणून विक्रेत्याशी भांडत बसाल. सी बँडच्या एलएनबीला आकडा ५१५० असतो आणि तिथे वजाबाकी उलटी, ५१५० मधून उपग्रहाची फ्रिक्वेन्सी वजा.

केबल आरजी-६ घ्या, जुनी केबलवाल्याची पातळ वायर वापरू नका. गच्चीपासून टीव्हीपर्यंत तीस-चाळीस मीटर असेल तर काळजी नाही, त्याच्या पुढे गेलात तर चांगल्या प्रतीची घ्या आणि मध्ये जोड देऊ नका.

ट्यूनर किती हवेत

इथे लोक उगाच पैसे घालवतात. चार ट्यूनरचं, आठ ट्यूनरचं कार्ड बघून वाटतं की एका वेळी चार चॅनल बघायचे तर चार ट्यूनर लागणार. तसं नसतं. एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहाच्या एका फ्रिक्वेन्सीवर, डझनभर चॅनल एकत्र गुंडाळून येतात आणि एक ट्यूनर अख्खा ट्रान्सपॉन्डर पकडतो, म्हणजे त्या एकाच ट्यूनरवरून तुम्ही एक चॅनल बघू शकता, दुसरा रेकॉर्ड करू शकता, तिसरा बेडरूममधल्या मोबाइलवर पाठवू शकता, फक्त ते सगळे त्याच ट्रान्सपॉन्डरवरचे पाहिजेत. २९५०० सिम्बॉल रेट, क्यूपीएसके ही सिग्नलची पद्धत आणि तीन-चतुर्थांश एफईसी (चुका दुरुस्त करायला राखलेला भाग सोडून खरा डेटा किती ते) धरली तर एका ट्रान्सपॉन्डरमधून सेकंदाला साधारण ४० मेगाबिट येतात. साध्या एसडी चॅनलला त्यातले दोन-तीन मेगाबिट मिळतात, म्हणजे तासाच्या रेकॉर्डिंगला एक ते दीड जीबी. हार्ड डिस्क, नेटवर्क, प्रोसेसर, कुणाच्याच दृष्टीने हे ओझं नाही.

फ्री डिशचे सगळे ट्रान्सपॉन्डर मिळूनसुद्धा मोजकेच आहेत. त्यामुळे घरात दोन टीव्ही आणि अधूनमधून रेकॉर्डिंग, एवढ्याला दोन ट्यूनरचं कार्ड भरपूर. एकट्या माणसाला एक ट्यूनरसुद्धा पुरतो, पण भावात फार फरक नसेल तर दोनचं घ्या, कारण रेकॉर्डिंग सुरू असताना घरातल्यांनी चॅनल बदलला आणि "ट्यूनर मोकळा नाही" असं आलं की सगळा पीसीच बदनाम होतो.

दोन ट्यूनर म्हटले की दोन केबल आल्या, ट्विन एलएनबी आला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते युरोपसाठी बरोबर आहे. ट्यूनर एलएनबीला १३ व्होल्ट दिले की तो व्हर्टिकल सिग्नल देतो, १८ दिले की हॉरिझॉन्टल, आणि २२ किलोहर्ट्झचा टोन दिला की वरच्या बँडवर जातो. दोन ट्यूनरना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतील तर एका वायरवर भांडण होतं, म्हणून दोन वायरी. पण फ्री डिश सगळी व्हर्टिकलवर आणि ११.७ च्या खालच्या बँडमध्येच आहे, म्हणजे दोन्ही ट्यूनरची मागणी कायम सारखीच. मग एकच एलएनबी, एकच केबल, आणि पीसीच्या मागे एक साधा सॅटेलाइट स्प्लिटर, ९५० ते २१५० किंवा २४०० मेगाहर्ट्झ लिहिलेला आणि ज्याच्या एकाच बाजूने वीज वर जाते असा, लावून काम भागतं. केबल टीव्हीचा स्प्लिटर लावू नका, तो ८६० किंवा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो. ज्या ट्यूनरची बाजू वीज देणारी, तो सॉफ्टवेअरमध्ये मुख्य आणि दुसरा त्याच्यामागे चालणारा असं सांगायचं, टीव्हीहेडएंड या ट्यूनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. पुढेमागे सी बँडची छत्री जोडायचा विचार असेल तर मात्र दोन केबलच ओढून ठेवा, गच्चीवरून वायर पुन्हा ओढण्यापेक्षा आत्ताच बरं.

कार्ड म्हणजे कुठल्या प्रकारचं

बाजारात "टीव्ही ट्यूनर" या नावाने जे सगळ्यात जास्त मिळतं ते आपल्या कामाचं नाही. जुनी अॅनालॉग कार्डं, एफएम रेडिओ असलेली, स्वस्तात मिळतात आणि आता ती निरुपयोगी आहेत. डीव्हीबी-टी म्हणजे अँटेनावरचं, डीव्हीबी-सी म्हणजे केबलचं. आपल्याला सॅटेलाइटचं, म्हणजे डीव्हीबी-एस२ पाहिजे. कनेक्टरवरूनही ओळखता येतं, सॅटेलाइटच्या कार्डाला मागे आटे असलेला एफ कनेक्टर असतो, आटे नसलेला नुसता खोचायचा गोल असेल तर ते अँटेनाचं किंवा केबलचं.

नुसतं डीव्हीबी-एस, शेवटी २ नसलेलं, फुकट मिळालं तरच घ्या. फ्री डिशवर एमपेग-२ चे जुने चॅनल आणि एमपेग-४ चे नवे (या चित्र दाबून पाठवायच्या पद्धती), दोन्ही आहेत आणि एस२ च्या ट्रान्सपॉन्डरवर जुनं कार्ड आंधळं होतं. एस२ कार्ड दोन्ही पकडतं. त्याच्याही पुढचं एस२एक्स, मल्टिस्ट्रीम, १६एपीएसके वगैरे लिहिलेलं असतं ते सी बँडवर वाहिन्यांचे फीड शोधत बसणाऱ्यांसाठी, घरच्या टीव्हीसाठी त्याचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

आता स्लॉट. जुनी पीसीआय कार्डं, उदाहरणार्थ एकेकाळी आपल्याकडे खूप चाललेलं स्कायस्टार २, आजच्या मदरबोर्डवर बसतच नाहीत, तो स्लॉटच गेला. पीसीआय एक्सप्रेस एक्स१ चं कार्ड घ्या, ते एक्स४ किंवा एक्स१६ च्या लांब स्लॉटमध्येही बसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केलीत की ऑफिसमधून निघालेले छोटे ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळतात आणि होम थिएटरसाठी ते खरंच छान, आवाज नाही, वीज कमी, पण त्यांच्यात दोन अडचणी आहेत. एक, कॅबिनेट अरुंद असतं त्यामुळे कार्डाला बुटकी पट्टी लागते, ती डब्यात येते का ते विचारा. दोन, काही कार्डांना एलएनबीला वीज द्यायला एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) वेगळी वायर जोडावी लागते आणि या ऑफिसच्या पीसींमध्ये मोकळी वायरच नसते. कार्डाच्या फोटोत वरच्या कडेला पांढरा किंवा काळा पॉवरचा सॉकेट दिसतोय का ते मोठं करून बघा.

पुस्तकाएवढा मिनी पीसी असेल तर स्लॉटच नाही, मग यूएसबी ट्यूनर. त्याला स्वतःचा अॅडॉप्टर पाहिजेच, कारण यूएसबीवर पाच व्होल्ट मिळतात आणि एलएनबीला तेरा ते अठरा लागतात. अॅडॉप्टर नसलेला, पेन ड्राइव्हसारखा दिसणारा ट्यूनर कुणी सॅटेलाइटचा म्हणून विकत असेल तर तिथून निघा. यूएसबीवाल्याचा तोटा म्हणजे टीव्हीमागे आणखी एक डबा, आणखी एक प्लग, आणि पीसी झोपून उठला की कधीकधी ट्यूनर गायब, वायर काढून घालावी लागते. जिथे स्लॉट आहे तिथे मी कार्डच घ्या म्हणेन.

तिसरा प्रकार सॅट-आयपी. एसईएस या उपग्रह कंपनीच्या पुढाकाराने २०१२ मध्ये आलेलं हे स्टँडर्ड, यात ट्यूनर पीसीत नसतोच, डिशची केबल एका डब्यात जाते आणि डबा लॅनवर सगळ्यांना चॅनल देतो. पीसीत ड्रायव्हर टाकायचा प्रश्नच मिटला आणि विजांचा कडकडाट झाला तरी मदरबोर्ड डिशशी थेट जोडलेला नाही. डबा आपल्याकडे सहज मिळत नाही आणि महाग पडतो, हीच त्याची अडचण. बंगला असेल, तीन-चार टीव्ही असतील, घरभर लॅन टाकलेलं असेल तर मात्र हाच विचार आधी करा.

ड्रायव्हर, खरी कसोटी इथे

कार्डाच्या डब्यावर काय छापलंय त्यापेक्षा तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ते कसं चालतं हेच दोन वर्षांनी महत्त्वाचं ठरतं.

विंडोजवर कार्डाला बीडीए (विंडोजची टीव्ही ट्यूनरसाठीची पद्धत) ड्रायव्हर लागतो आणि तो कंपनीच देते. कंपनीच्या साइटवर जाऊन तुमच्या विंडोजसाठी ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का आणि तो शेवटचा कधी बदललाय ते बघा. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर विंडोज ७ वर थांबलेत, कधी चालतात कधी नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया सेंटर विंडोज १० पासून गेलंच, त्यामुळे आता नेक्स्टपीव्हीआर किंवा मीडियापोर्टल, आणि पैसे द्यायची तयारी असेल तर डीव्हीबीव्ह्यूअर. असं सॉफ्टवेअर उघडलं की बऱ्याचदा यादीत पहिल्यांदा १९.२ पूर्वेचा अॅस्ट्रा हा युरोपचा उपग्रह दिसतो कारण यातलं बरंचसं युरोपीय मंडळींनी बनवलंय. ९३.५ पूर्व शोधून निवडायचं, आणि यादी जुनी असेल तर ट्रान्सपॉन्डर हाताने भरायचे.

लिनक्सवर दोन गट पडतात. पहिला, ज्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. डीव्हीबीस्कायची एस९५० आणि एस९५२ कार्डं आणि एस९६० यूएसबी डबा, हॉपॉगचं एचव्हीआर-५५२५, डिजिटल डिव्हाइसेसची सिने एस२ आणि मॅक्स मालिका, ही या गटात. कार्ड घाला, फर्मवेअरची (कार्डाच्या चिपवर चढणाऱ्या प्रोग्रामची) फाइल जागेवर ठेवा, चाललं. फर्मवेअर विसरू नका, ड्रायव्हर असूनही कार्ड लॉक होत नाही, म्हणजे सिग्नल पकडत नाही, याचं नेहमीचं कारण तीच फाइल असते आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) फाइल सापडली नाही असं स्वच्छ लिहून येतं, पण वाचतो कोण.

दुसरा गट टीबीएसचा. चीनमधल्या शेन्झेनच्या या कंपनीची ६९०२ सारखी दोन ट्यूनरची कार्डं, ६९०४ सारखी चारची, ५९२७ सारखे यूएसबी डबे, निवड भरपूर, रिसेप्शन छान, छंदिष्टांत सगळ्यात जास्त हीच दिसतात. पण यांचा ड्रायव्हर बहुतांशी कर्नलच्या बाहेरचा, कंपनी सोर्स देते आणि तो आपण कंपाइल करायचा. उबुंटूने रात्री गुपचूप कर्नल अपडेट केला की सकाळी ट्यूनर गायब, पुन्हा कंपाइल करा. ज्याला हे जमतं त्याला काहीच वाटणार नाही, पण घरी आई-बाबांसाठी पीसी लावून देऊन तुम्ही नोकरीच्या गावी जाणार असाल तर टीबीएस घेऊन कर्नल अपडेट बंद करून ठेवा, नाहीतर पहिल्या गटातलंच कार्ड घ्या. मधला मार्ग म्हणजे लिब्रेएलेक ही छोटी लिनक्स, त्यात कोडी आयतंच असतं आणि काही आवृत्त्यांत जास्तीचे डीव्हीबी ड्रायव्हर अॅड-ऑन म्हणून टाकता येतात.

माझ्या मते, लिनक्सवाल्याने दोन ट्यूनरचं आणि कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलं कार्ड शोधावं, सेकंड हॅण्ड मिळालं तरी चालेल. विंडोजवाल्याने टीबीएस घ्यायला हरकत नाही. डिजिटल डिव्हाइसेस उत्तम पण जर्मनीहून मागवून फ्री डिशसाठी तेवढे पैसे घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बसवताना

पीसी बंद करा, नुसता शटडाऊन नाही, मागची वायर काढा. केबलचं टोक सोलताना बाहेरचं प्लॅस्टिक साधारण दीड सेंटीमीटर काढायचं, जाळी मागे दुमडायची, आतलं पांढरं इन्सुलेशन कापून मधली तांब्याची तार मोकळी करायची. आता थांबा आणि उजेडात नीट बघा, जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला चिकटलेला असतो हमखास. तो तसाच राहिला तर एलएनबीला जाणारे १३ व्होल्ट थेट शॉर्ट, कार्डाचं नशीब चांगलं असेल तर ते वीज तोडतं, नाहीतर एलएनबी चालवणारा भागच जळतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी, फार लांब ठेवली तर कार्डाचा सॉकेट फाकतो. याच कारणासाठी पीसी चालू असताना केबल लावू-काढू नका.

गच्चीवरच्या कनेक्टरला रबराची टोपी किंवा पाण्यात टिकणारी टेप लावा आणि केबल एलएनबीतून निघाल्यावर थोडी खाली लोंबून मग वर जाऊ दे, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळणावरून खाली टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. कोकणात तर हे नाही केलं तर एका पावसाळ्यात कनेक्टर हिरवा पडतो. डिशच्या पाइपला अर्थिंग द्या, आणि वळवाच्या पावसात विजा सुरू व्हायच्या आधीच केबल काढून ठेवायची सवय लावा.

टीव्हीहेडएंडमध्ये चॅनल आणणं

कोडी फक्त दाखवायचं काम करतं, ट्यूनर चालवायला मागे कुणीतरी लागतं आणि लिनक्सवर ते टीव्हीहेडएंड. ब्राउझरमध्ये पीसीच्या पत्त्यापुढे ९९८१ पोर्ट टाकला की त्याचं पान उघडतं. आधी नेटवर्क बनवा, प्रकार डीव्हीबी-एस, जागा ९३.५ पूर्व. मग ट्यूनरच्या पानावर जाऊन ट्यूनर चालू करा, एलएनबी युनिव्हर्सल निवडा, मध्ये डायसेक (एकाहून जास्त एलएनबी जोडायचा) स्विच नसेल तर तिथे काही छेडू नका, आणि हे नेटवर्क त्याला जोडा. मग मक्स, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, आधी एकच भरा. ज्याच्यावर बॉक्समध्ये क्वालिटी चांगली दिसत होती तोच. फ्रिक्वेन्सी, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट, एफईसी ऑटो. तो स्कॅन होऊन चॅनल आले की बाकीचे भरा. सगळे एकदम भरले आणि काहीच आलं नाही तर चूक कुठे ते सापडत नाही. आकडे प्रसार भारती अधूनमधून बदलते, त्यामुळे फ्री डिशच्या अधिकृत साइटवरची ताजी यादी घ्या.

स्कॅनमध्ये सन डायरेक्टचे चॅनलपण येऊ शकतात कारण तेही ९३.५ लाच बसलेत. त्यांच्यापुढे एन्क्रिप्टेड लिहिलेलं असेल, ते मॅप करू नका, म्हणजे चॅनलच्या यादीत घेऊ नका, नाहीतर कोडीत शेकडो काळे चॅनल दिसतील. चॅनल मॅप केल्यावर क्रमांक हाताने द्या, सह्याद्री १, बातम्या १० पासून, घरातल्यांना सोयीचं पडतं. कार्यक्रमांचं वेळापत्रक उपग्रहावरून जेवढं येईल तेवढं येईल, बाकीचं एक्सएमएलटीव्हीने (वेळापत्रकाची फाइल बनवणारं साधन) भरावं लागतं. रेकॉर्डिंगला आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची ठेवा, आपल्याकडचे कार्यक्रम घड्याळ पाळत नाहीत.

चित्र खराब दिसतंय?

कार्डाला शिव्या घालण्याआधी दोन सेटिंग बघा. आपलं प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचं, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत) आहे, आणि पीसी टीव्हीला बहुतेक वेळा ६० हर्ट्झ देत असतो. मग बातम्यांची खालची पट्टी अडखळत सरकते. कोडीत रिफ्रेश रेट आपोआप जुळवायचा पर्याय सुरू करा, टीव्ही ५० हर्ट्झवर गेला की पट्टी लोण्यासारखी चालेल. दुसरं, डीइंटरलेसिंग, म्हणजे ते अर्धे भाग नीट जोडणं. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर ते बंद आहे. एसडी चॅनल मोठ्या टीव्हीवर मऊच दिसणार, ते कुठल्याच कार्डाने सुधारणार नाही, आणि ट्यूनर बदलला की चित्र बदलतं हा समज तर सोडूनच द्या, डिजिटलमध्ये कार्ड आकडे जसेच्या तसे आणून देतं, चित्र बनवतो ग्राफिक्स.

सेकंड हॅण्ड कार्ड घेताना विक्रेत्याकडून लॉक झालेल्या ट्यूनरचा व्हिडिओ मागा, दोन्ही ट्यूनरचा वेगवेगळा, आणि व्हर्टिकलबरोबर हॉरिझॉन्टलही, कारण अर्धवट जळालेलं कार्ड १३ व्होल्ट देतं पण १८ देत नाही. सॉकेटच्या मुळाशी बोर्ड काळपटलाय का तेही बघा. नवं घेतलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत सलग चार-पाच तासांचं रेकॉर्डिंग करून बघा, टीव्हीच्या बंद कपाटात कार्ड तापतं आणि जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडतं.

मुसळधार पावसात केयू बँडचा सिग्नल जाणारच, ६० सेंटीमीटरच्या जागी ९० ची डिश लावली तर तो उशिरा जातो आणि लवकर येतो एवढंच. आणि मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, आकाश निरभ्र असताना काही मिनिटं सगळे चॅनल तुटायला लागले तर कार्ड उपसून बसू नका, त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. शेजारच्या डिशवाल्यालाही तेव्हा काही दिसत नसतं, हवं तर विचारून या.